मॉस्कोचा बॉयकॉट, डिचोलीचा बंद

आमच्या सरांना हरणाऱ्या माणसाची किळस यायची. हे मी रागानं म्हणत नाही, ते स्वतःच सांगायचे. डिचोलीच्या बाजारामागं एका गोदामाच्या माडीवर त्यांचा इंग्रजीचा क्लास होता. दहावी होऊन घरी बसलेल्या आम्ही काही मुली, एक फळा, आणि जनेल उघडलं की खाणीच्या ट्रकांचा तांबडा धुरळा थेट तोंडात. व्याकरणाच्या ते वाटेला जात नसत. मोठमोठे इंग्रजी शब्द शिकवायचे, आणि तेही ऑलिम्पिकच्या नाहीतर फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या गोष्टींतून.

लंडनच्या मॅरेथॉनमध्ये एक इटालियन धावपटू सगळ्यांच्या आधी मैदानात शिरला, भेलकांडला, पडला. पंचांनी दंडाला धरून त्याला शेवटच्या रेषेपार नेला, आणि मदत घेतली म्हणून त्याचा नंबर गेला. या एका गोष्टीतून एक्झॉस्टेड, डिलिरियस, डिसक्वालिफाइड असे शब्द निघायचे. पण सरांना नुसतं सांगून समाधान नव्हतं. सगळ्यांत जाड मुलीला ते माडीचा जिना वरखाली पळायला लावत. ती धापा टाकत दारात बसली की आम्हाला विचारत, "नाऊ, व्हॉट इज शी?" आम्ही ओरडायचो, "एक्झॉस्टेड, सर!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

ब्राझीलनं आपल्याच घरात वर्ल्ड कप घालवला आणि लोकांनी त्या गोलकीपरला जन्मभर माफ केलं नाही, त्या गोष्टीतून आम्ही स्केपगोट शिकलो. मग शब्द चुकणारी मुलगी त्या दिवसाची गोलकीपर. तिनं खडूच्या रेषेबाहेर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी तिला हसायचं. तिथं रोज उभी असायची ती सरांची भाची. आई वारल्यावर मामाकडं वाढलेली, दिसायला गोरी, आवाजाला गोड आणि डोक्यानं मठ्ठ. सर तिलाही सोडत नसत, त्यामुळं सर पक्षपाती आहेत असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

मी मात्र शब्द सोडत नव्हते. कारण मला काजूच्या कारखान्यात जायचं नव्हतं. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे, बाबा खाणीवर ट्रक चालवायचे म्हणून डिचोलीजवळच्या मये गावी भाड्यानं राहणारे. आई आणि थोरली बहीण काजू फोडायला जायच्या. टरफलातलं तेल लागून आईच्या बोटांची कातडी सोलून निघायची, आणि नवी यायची ती काळी. लग्नाकार्यात ती हात पदराखाली घेऊन बसायची. तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी गावली तर बरा. नाय तर माझ्या वांगडा कारखान्यात चल." तिचा काय दोष? घरात बसून खाणारं एक तोंड कोणाला परवडतं!

आणि नोकरी खरंच दारात आली. खाणीच्या ऑफिसात टेलिफोनवर बसायला इंग्रजी बोलणारी एक मुलगी हवी होती. हेडक्लार्क स्वतः क्लासात आला, मागच्या बाकावर बसला आणि तासाभरानं माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हिला पाठवा." सर लगेच म्हणाले, "आणि माझी भाचीही येईल." मुलाखतीला आम्ही दोघी ठरलो. मी तर मनातल्या मनात आईचा कारखाना सुद्धा सोडवून टाकला.

तेव्हा गोव्यात राजभाषा मराठी की कोकणी, हे भांडण पेटलं होतं. सर मराठीचे कट्टर. सकाळी मोर्च्यात घोषणा देऊन घसा बसवून घ्यायचे आणि संध्याकाळी त्याच बसक्या घशानं आम्हाला इंग्रजी शिकवायचे. आम्ही घरात मालवणी बोलणारे. तिला कोणी मराठी म्हणे, कोणी कोकणी, आम्हाला विचारायला कोणी आलं नाही. त्याच दिवसांत सरांनी बॉयकॉट शिकवला. मॉस्कोला अमेरिका गेली नाही आणि पुढच्या खेपेला लॉस एंजेलिसला रशिया गेला नाही. लहानपणापासून पोहण्याच्या शर्यतीसाठी पाण्यात हातपाय मारलेल्या पोरी, त्यांना ऐन वेळी सरकारनं सांगितलं, जायचं नाही. पुन्हा संधी आली तेव्हा त्यांचं वय गेलं होतं. हे सांगताना सरांचे डोळे भरून आले. सॅक्रिफाइस, सॉलिडॅरिटी, बोलता बोलता दोन शब्द त्यांनी आणखी फळ्यावर लिहिले.

मुलाखतीच्याच दिवसासाठी मराठीवाल्यांची डिचोली बंदची हाक आली. खाणीचा मॅनेजर बाहेरचा माणूस, त्याला आमच्या भांडणाशी काय देणंघेणं! त्यानं तारीख बदलली नाही. आदल्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर सरांनी आम्हा दोघींना मागं थांबवलं. म्हणाले, "उद्या कोणी घराबाहेर पडायचं नाही. तुम्ही माझ्या मुली आहात. बॉयकॉट म्हणजे काय ते शिकलात ना? मॅनेजरशी मी बोललोय, पुढच्या आठवड्यात बोलावतील." भाचीनं मान हलवली, मीही हलवली. देवाशपथ, मला अभिमान वाटला! इस्त्री करून ठेवलेली ताईची साडी मी परत ट्रंकेत ठेवली आणि दुसरा अख्खा दिवस घरात शब्द घोकत बसले.

बाबा आठवडाभर खाणीवरच राहायचे, त्यांना मुलाखतीचा दिवस तेवढा माहीत होता, सरांनी थांबवल्याचं ठाऊक नव्हतं. ते शनिवारी आले. हातपाय न धुता त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत एक पेढा होता. म्हणाले, "खा. तुझ्या सरांच्या भाचीक नोकरी लागली, तेचो पेढो."

मला काही कळेना. मग बाबांनी सांगितलं. बंदमुळं ट्रक उभे होते. धुतलेला शर्ट घालून ते सकाळपासून ऑफिसच्या गेटवर थांबले होते. "वॉचमनाक सांगलंय, माझा चेडू येतला आज." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. आणि आले कोण, तर स्कूटरवरून सर, मागं भाची! बाबांनी विचारलं, "सरानू, माझा चेडू?" सर म्हणाले, "काय सांगू, तिघं एका स्कूटरवर जाऊ म्हटलं होतं. भ्याली हो ती. आलीच नाही."

मी म्हटलं, "खोटं! सरांनीच जाऊ नको म्हणून सांगितलं!" त्यावर बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. त्याआधी त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. शिकलेल्या माणसावर आळ घेते, याचा त्यांना जास्त राग आला. रविवारी सकाळी ते मला सरांच्या घरी घेऊन गेले, माफी मागायला.

सर झोपाळ्यावर बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्ही बॉयकॉट करा म्हणालात की नाही?"

सर हसले. अगदी मायेनं हसले, मेले! "अगं वेडे, तो धडा होता. मॉस्कोच्या ऑलिम्पिकचा. सगळ्या क्लासाला शिकवला मी. तू तो डिचोलीला लावलास?" मग बाबांकडं वळून म्हणाले, "काय होतं, मुलं शब्द पाठ करतात आणि अर्थ भलताच लावतात."

बाबांना मॉस्को कुठं आहे ते माहीत नव्हतं. पण मी काहीतरी उलटंच समजले आणि सरांवर ढकलते आहे, एवढं त्यांना पटलं. भाची चहा घेऊन आली. आता माझी सगळी आशा तिच्यावर. मी म्हटलं, "तू होतीस ना तिथं? सांग बाबांना." तिनं मामाकडं पाहिलं आणि कप खाली ठेवत म्हणाली, "मला नाही आठवत." बशीत चहा सांडला होता, तो तिनं पदरानं पुसला.

"सरांच्या पायां पड," बाबा म्हणाले.

मी पडले नाही तर बाबा स्वतः वाकतील, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. तसे ते वाकायला लागलेही होते. ड्रायव्हर असला तरी माझा बाप ताठ मानेचा माणूस होता, त्याला त्या झोपाळ्यापुढं वाकताना बघणं मला जमलं नसतं. मी वाकले. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांना म्हणाले, "पोर हुशार आहे हो. फक्त धीर नाही."

सोमवारी मी आईबरोबर काजूच्या कारखान्यात गेले. बाबांनी सरांचं ते वाक्य जपून ठेवलं. कोणी पाहुणा आला आणि माझ्या बोटांकडं त्याची नजर गेली की ते आपणहून सांगायचे, हुशार होता हो आमचा चेडू, पण धीर नाय. सुरुवातीला मी भांडायची, मग उठून आत जायची. बाबा आजारी पडून इस्पितळात होते तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही त्यांनी हेच सांगितलं. मी त्यांना पेज भरवत होते, आणि तो माणूस माझ्याकडं बघून हळहळला.