डाव्या हाताची जागा

शंकराला माझा हात नको असेल तर मलाही त्याची पूजा नको, असं मी लढाईहून परतल्यावर ठरवून टाकलं होतं. सुरुंगानं डावा हात कोपरापासून नेला, त्याच बाजूचा पाय गुडघ्याखाली. पाय लाकडाचा मिळाला. पण आम्ही लिंगायत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजतो, आणि पूजेआधी अन्न नाही. माझी बायको नंदा पहिल्याच दिवशी आपला तळवा पुढं करून म्हणाली, "ह्याच्यावर ठिवा की." मी तो झटकला. "दुसऱ्याच्या हातावर लिंग ठिवत न्हाईत," म्हणालो. खरं तर मला कुणाची दया नको होती. लिंग कोनाड्यात गेलं, जेवण नावालाच उरलं, आणि मी दिवसेंदिवस खंगत गेलो.

त्यात दुष्काळ. अहमदपूरजवळच्या आमच्या गावातल्या विहिरी आटल्या. नंदा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, मी ओसरीवर एकटा. आणि नसलेला हात दुखायचा. मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली. उघडू म्हटलं तर मूठच नाही. सांगणार कुणाला? लोक म्हणाले असते, हा डोकंही तिकडंच ठेवून आला.

एका दुपारी दारात एक म्हातारे जंगम, म्हणजे आमचे पुजारी, उभे दिसले. कुत्रं भुंकलं नव्हतं.

"लिंग आण," म्हणाले.

"स्वामी, हात न्हाई."

"हाय की."

मी कोनाड्यातून लिंग आणलं. त्यांनी आपला डावा हात माझ्या थोट्या कोपराला लावून धरला. मी त्या तळव्याकडं पाहिलं. अंगठ्याच्या बुडाशी विळ्याची तिरपी खूण होती. लहानपणी माझ्या गेलेल्या हातावर झालेली, हुबेहूब तीच. लिंग त्यांच्या तळव्यावर ठेवलं आणि गारवा मला लागला. आवळलेली मूठ एकेक बोट करत उघडली. मी रडलो. डोळे पुसले तेव्हा ओसरी रिकामी होती आणि लिंग माझ्या उजव्या हातात, ओलं. घरातली घागर झाकलेलीच होती.

ते कोण, हे मी शोधलं नाही. संध्याकाळी नंदाला म्हणालो, "हात दे गं." तिनं खडीनं फोडलेला तळवा धुऊन पुढं केला. देवानं हात पहिल्याच दिवशी पाठवला होता, झटकला मीच. तेव्हापासून तो तळवा रोज सकाळी पुढं येतो आणि मी पोटभर खातो.

पुढं लातूर जिल्हा झाला, त्या साली ज्वारी काढताना नंदाचा डावा हात कापला. अंगठ्याच्या बुडाशी, तिरपा. मी हळद भरली, दातानं गाठ मारून चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी त्याच तळव्यावर लिंग ठेवून डोकं टेकलं.