रक्त लाल होतं, श्वास नव्हता

दुसऱ्या महायुद्धात माझी पोस्टिंग खेचरांच्या कंपनीत झाली. काम ड्रेसरचं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचं. हुकूम मिळाला तेव्हा वाटलं होतं, कुठे तरी लांब सीमेवर जाऊ. प्रत्यक्षात कंपनी नांदुऱ्याबाहेर उघड्या माळावर येऊन थांबली. आघाडीकडे जाणारी गाडी मिळेपर्यंत मुक्काम तिथेच. माझं गाव सुलतानपूर, याच जिल्ह्यातलं. घर जवळ होतं, पण रजा बंद होत्या.

दिवस वैशाखाचे होते. पहाटे खरारा, मग दाणा, मग पाणी. पाण्याचाच घोर होता. त्या भागातल्या विहिरी खारट. खेचर खारं पाणी तोंडात घेतं आणि मान फिरवतं. गोड्या पाण्याची एकच विहीर होती, तीही खोल.

आमचे कॅप्टन प्रधान जनावरांचे डॉक्टर. नव्या ड्रेसरला ते पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दाखवत. मलाही दाखवली. खेचराच्या मानेच्या शिरेतून त्यांनी बाटलीत रक्त घेतलं. गोठू नये म्हणून बाटलीत आधीच एक पूड टाकलेली होती. रक्त जांभळट, काळपट. बूच लावून त्यांनी बाटली जोरात हलवली. आतल्या हवेशी मिसळलं तसं ते लालभडक झालं.

"काय झालं, सांग."

"ठाऊक नाही, सर."

"रक्तात हिमोग्लोबिन असतं. त्यात लोह असतं. फुप्फुसात ते प्राणवायू उचलतं, अंगभर नेतं आणि जिथे गरज आहे तिथे सोडतं. खेचर असो की तू, काम तेच. उचलणं आणि सोडणं, दोन्ही जमलं पाहिजे. एक अडलं की जनावर खाली बसतं."

विहिरीचं पाणी उतरत गेलं. वर ठेवलेल्या पंपाला ते ओढवेना. मग विहिरीच्या आत, अर्ध्यावर दगडी टप्पा होता, त्यावर लाकडं टाकून पंप आणि त्याचं पेट्रोलचं इंजिन बसवलं. धूर बाहेर यावा म्हणून लांब पाइप जोडला. इंजिनावर शिपाई श्रीराम इंगळे असे. काही दिवस सगळं सुरळीत चाललं.

त्या सकाळी खेचरं हौदापाशी उभी होती आणि पाण्याची धार चालू होती. इंगळेला हाक मारली, उत्तर आलं नाही. मी वाकून पाहिलं. तो टप्प्यावर आडवा पडलेला. इंजिन धडधडत होतं. पाइपचा सांधा निखळला होता. धूर फारसा दिसत नव्हता, म्हणून कोणाला शंका आली नाही.

माझ्या शेजारी नाईक किसन वानखडे होता. धामणगाव बढ्याचा. अंगाने दांडगा, बोलायला कमी. त्याने दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं, एक टोक माझ्या हातात दिलं.

"थांब, साहेबांले येऊ दे," मी म्हणालो.

"तवरोक तो मरून जाईन बे. दोर पक्का धर."

भिंतीतल्या पायऱ्यांनी तो झपाझप उतरला. आधी इंजिन बंद केलं. मग इंगळेच्या काखेखालून दोर बांधला. गाठ मारताना त्याचे हात चाचपडत होते, ते वरून दिसत होतं.

"ओढा! त्याले घ्या आंधी!"

आम्ही ओढलं. इंगळे काठावर आला. दोर सोडून पुन्हा खाली टाकला तोवर किसन गुडघ्यावर बसला होता. दोर त्याच्या खांद्याला लागला. त्याने तो धरला नाही. हळूच कलंडला.

दोघेजण पायऱ्यांकडे धावले. मागून कॅप्टन साहेबांचा आवाज आला.

"हॉल्ट! कोणीही उतरायचं नाही. विहिरीत विषारी वायू आहे."

"साहेब, किसन आत हाये!" त्या दोघांतला एक ओरडला.

"माहीत आहे. आणखी दोघे आत नकोत. पाणी ओता. फांद्या आणा."

हौदातलं पाणी बादल्यांनी विहिरीत ओतलं. कडुलिंबाच्या फांद्या दोराला बांधून खालीवर केल्या. आतली हवा हलवायची होती. तेवढा वेळ मला फार मोठा वाटला. मग साहेबांनी विचारलं, "कोण?" मी पुढे झालो. कमरेला दोर बांधला. "श्वास रोखून धर. चक्कर आली की हात वर कर," एवढंच ते म्हणाले. मी उतरलो, दुसरा दोर किसनला बांधला आणि वर आलो. डोकं ठणकत होतं.

दोघांना सावलीत घेतलं. इंगळेचा श्वास तुटक चालू होता. किसनचा बंद होता. त्याचा चेहरा मात्र गुलाबी, नुकताच शेतातून आल्यासारखा. मला आशा वाटली. साहेबांनी त्याच्या दंडाच्या शिरेतून रक्त काढलं. शिरेतलं रक्त, तरी लालभडक.

"लाल हाये, सर!"

"म्हणूनच वाईट आहे. हा धुरातला वायू हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. दाब. थांबू नकोस."

किसनला पालथं घालून मी त्याच्या बरगड्यांवर दाब देत होतो, सोडत होतो. साहेबांनी लॉरी स्टेशनकडे पिटाळली. रेल्वे पुलाचं काम करणाऱ्या टोळीकडे वेल्डिंगचा ऑक्सिजन असतो, हे त्यांना ठाऊक होतं. लॉरी परतली ती एकच सिलिंडर घेऊन. खेचराच्या दाण्याच्या पिशवीला, तोबऱ्याला, आतून रबरी कापड लावलं, नळी खोचली. मुखवटा तयार झाला. एकच.

साहेबांनी स्टेथोस्कोप किसनच्या छातीला लावला. बराच वेळ ऐकलं. मग दुसऱ्या जागी लावला. उठले.

"इंगळेला लावा."

तोबरा इंगळेच्या तोंडावर बसवला. मी किसनला दाबत राहिलो. मला थांब म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. हात भरून आले तेव्हा हवालदाराने माझी जागा घेतली, नंतर पुन्हा मी. उन्हाने सावली सरकली, तसं आम्ही त्यालाही सरकवलं. दुपारी इंगळेने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हा साहेब माझ्याजवळ येऊन बसले.

"झालं आता. सोड त्याला."

संध्याकाळी खेचरांना पाणी पाजलं. विहिरीवरून हौदापर्यंत माणसांची रांग लावली आणि बादल्या हातोहात दिल्या. एकही जनावर तहानलेलं राहिलं नाही. त्या दिवशी कंपनीने तेवढं मनावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी किसनचे वडील आले. त्यांनी मुलाचं तोंड पाहिलं.

"असा लाल काऊन दिसून राह्यला? जिता असल्यासारखा?"

साहेबांनी त्यांना जमिनीवर बसून समजावलं, मला समजावलं होतं तसंच. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ज्याले काढलं, तो कुठी हाये?"

मी त्यांना इंगळेच्या तंबूत नेलं. इंगळे उठून बसायला लागला, म्हाताऱ्याने त्याला निजवलं. त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"बाबा, माह्यासाठी तुमचा किसन..." इंगळे म्हणू लागला.

"बोलू नको. दम घे. लंबा दम घे."

इंगळेने श्वास घेतला. म्हाताऱ्याचा हात वर आला, खाली गेला.

पुढे आमची गाडी आली. आघाडीवर कंपनीतली बरीच माणसं कामी आली. लोक त्यांच्याबद्दल विचारतात तेव्हा मी किसनपासून सुरुवात करतो. कोणी म्हणतं, तो काही लढाईत पडला नाही. मी वाद घालत नाही. नाईक किसन वानखडे, धामणगाव बढे, असं पुन्हा एकदा नीट सांगतो.