पक्की केलेली रांगोळी

द्वेषापायी कुणी कुणाचा साखरपुडा मोडल्याचं तुम्ही ऐकलं असेल. मी एक साखरपुडा कौतुकापायी मोडायला निघालो होतो. खरंच सांगतो. बसा जरा. चहा येईपर्यंत होईल सांगून, नाही झालं तर अजून एक मागवू.

मी घणसोली गावात भाड्याने राहतो. घर साताऱ्याकडे, नोकरी पावण्याच्या एमआयडीसीत. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनचे पत्रे रंगवायचे. रंग एकच, राखाडी. सकाळी राखाडी, दुपारी राखाडी, शनिवारी चेंज म्हणून जरा फिका राखाडी. त्यामुळे संध्याकाळी खोलीवर आलो की मी हात धुतो, कागद काढतो आणि कॉमिक काढत बसतो. कुणी मागितलेलं नाही, कुणी छापत नाही, वाचणारे मोजून सात. पण एकदा चौकट आखली, आत एक माणूस उभा केला आणि त्याच्या डोक्यावर बोलायचा फुगा काढला ना, की दिवसभरात पहिल्यांदा वाटतं, हां, आता आपण आलो कामावर.

ते वाचणारे सात म्हणजे आमचाच ग्रुप. सगळे हौशी. रविवारी वाशीला एका बागेत भेटतो आणि पानांची अदलाबदल करतो. नियम सोपा आहे, पानाला पान. माझं मूळ पान तू ठेव, तुझं मला दे. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलवरचा फोटो तर अजिबात नाही. कारण मूळ पानावर काय काय दिसतं सांगू? शाईखाली राहिलेली पेन्सिल दिसते. व्हाइटनरचा थर दिसतो. एखाद्याने नाक तीनदा काढलंय आणि चौथ्यांदा वैतागून तसंच सोडलंय, तेही दिसतं. मला ते फार आवडतं. छापलेल्या चित्रात माणूस पास झालेला असतो. मूळ पानात तो अजून पेपर लिहीत असतो.

तर असा मी. मूळ चित्राचा भुकेला. आणि राहायला कुठे, तर बेबीकाकीच्या घरात, वरच्या मजल्यावर.

बेबीकाकी म्हणजे आमची घरमालकीण. इथलीच, गावातली. वय साठीच्या आसपास, आवाज असा की खालच्या ओट्यावरून बोलली तरी वर माझ्या कपातला चहा हलतो. ती रोज सकाळी सहाला दारापुढचा कडप्पा धुते, त्यावर गेरूचा चौकोन काढते आणि रांगोळी घालते. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? माझी आईपण घालते. पण आई ठिपके मांडते, कमळ काढते. काकी बातम्या काढायची.

म्हणजे आदल्या दिवशी जे घडलं ते. मांजर सुका बोंबील घेऊन पळाली, तर सकाळी गेरूवर मांजर, तोंडात बोंबील, मागे चप्पल उडताना. काका गच्चीवर नेटवर्क शोधत होते, तर काका टाकीवर, मोबाइल आभाळात. सगळं चार चिमटीत. एकदा माझी बस चुकली. दुसऱ्या दिवशी दारात एक हडकुळा माणूस पळत होता, खांद्याला बॅग, एक चप्पल मागे सुटलेली. ना डोळे, ना नाक. पण समोरचा दूधवाला माझ्याकडे बघून हसला. इतका तो मीच होतो.

चार वर्षं झाली मला, चार रेघांत माणूस पकडायचा प्रयत्न करतोय. आणि ही बाई चहा उकळायच्या आत पकडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीभर पाणी ओतून धुऊन टाकते.

माझा जीव तुटायचा. मी फोटो काढायचो, पण मघाशी सांगितलं ना, फोटो आमच्यात धरत नाहीत. मग एकदा मी काकीला जाड, महागातला कागद नेऊन दिला. म्हटलं, "काकी, यावर काढा ना एखादं. माझ्याकडे ठेवतो."

काकीने कागद उलटसुलट केला. "याच्यावर कशाला कारू?"

"का? चांगला कागद आहे."

"हाय ना चांगला. पन कागदाला दार नाय," म्हणाली, आणि त्यावर पापड वाळत घातले.

इथे मी शहाण्यासारखं थांबायला हवं होतं. पण मग काकीच्या मुलीचा, प्रणालीचा साखरपुडा ठरला. मुलगा करंजाड्याचा. आदल्या दिवशी घरातले सगळे वाशीला साड्या घ्यायला गेले. मी सुट्टी टाकलेली. दुपारी पाणी भरायला खाली आलो आणि दारात थबकलो.

त्या दिवशी गेरूवर एक कोंबडी होती. तिच्या मागे पिल्लांची रांग. शेवटचं पिल्लू जरा लांब, रांगेतून बाहेर पडलेलं, मान वळवून मागे बघणारं. आणि कोंबडी? कोंबडी मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

मी बादली खाली ठेवली. घरात कुणीच काकीला रडताना बघितलं नव्हतं. उलट ती आठवडाभर सगळ्यांवर ओरडत होती. जे होतं ते सगळं इथे होतं, दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाशी. आणि उद्या सहाला हे गटारात जाणार.

मी म्हटलं, नाही जाणार.

पेन्सिलचं चित्र पुसू नये म्हणून आम्ही त्यावर एक स्प्रे मारतो. तो माझ्याकडे होता, पण संपत आलेला. मग आठवलं, वर्कशॉपमधून आणलेला क्लिअरचा स्प्रे-डबा आहे. क्लिअर म्हणजे रंगावर मारायचा तो बिनरंगी, चकचकीत थर. तो वाळला की मशीनवर तेल सांडू दे, ग्रीस लागू दे, रंग हलत नाही. आणि बघा, आयुष्यात पहिल्यांदा माझी नोकरी माझ्या हौसेच्या कामाला येत होती. तुम्ही असता तर थांबला असता का? मी काय मस्त मारलाय सांगू. लांबून, हलका हात, रांगोळी उडू न देता, एक थर, थांबून दुसरा, थांबून तिसरा. एक कण हलला नाही. पत्रे रंगवण्याबद्दल आजवर मालकाने कौतुक केलं नव्हतं, मी स्वतःचंच केलं.

आता प्रश्न येईल की तुला एवढंही कळू नये? शिळी रांगोळी दारात ठेवत नाहीत. शुभकार्याच्या दिवशी तर नाहीच. आई रोज सकाळी पुसते, मी लहानपणापासून बघतोय. कळतं हो. पण ती रांगोळी असताना. मला ते मूळ पान दिसत होतं. आणि मनात असंही होतं की काकी सकाळी बघेल, गहिवरेल, म्हणेल, पोराने माझी कला जपली. संध्याकाळी सगळे दमून परत आले, पिशव्या घेऊन सरळ आत गेले. मी ठरवलं, सकाळीच सरप्राइज.

सकाळी मला गलबल्याने जाग आली. खाली बरीच माणसं बोलत होती. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला, आरशात बघून जरासा नम्र चेहरा केला आणि खाली आलो.

दारात अर्धी आळी. मध्ये काकी, हातात खराटा, शेजारी तीन रिकाम्या बादल्या. काकीने चौथी ओतली. अळूच्या पानावरून घसरावं तसं पाणी कोंबडीवरून घसरलं आणि बाजूला उभ्या काकांच्या पायांवर गेलं. कोंबडी कोरडी.

"सहा वाजल्यापासून घासतंय," काकी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. काकीचा आवाज बारीक.

शेजारच्या बायजाआक्का, वय ऐंशी, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ही करनी हाय. पोरीचा चांगला होतंय तं बगवत नाय लोकांना."

"करनी नाय," मागून एक बाई म्हणाली. "देवीनं धरून ठेवलीय." आणि तिने पुढे होऊन कोंबडीला हळदकुंकू वाहिलं.

"देवी कोंबरी कशाला धरल?"

"तू देवीला इचारायला गेलतीस?"

पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडल्या. एकीने मीठमोहऱ्या ओवाळायला घेतल्या, दुसरीने नारळ मागवला. आणि मी मध्ये उभा, तो नम्र चेहरा अजून तोंडावर तसाच, कारण तो उतरवायचा कसा तेच सुचेना.

तेवढ्यात बायजाआक्का काकीला म्हणाल्या, "बेबी, उंबऱ्यात कालचा दिस तसाच बसलाय. आजचा काम करू नको. पुढं ढकल."

काकी खराटा भिंतीला टेकवून खाली बसली. काकांनी खिशातून मोबाइल काढला. "अकरालां यायचे हान ते. निगायच्या आदी फोन केलेला बरा."

दारात प्रणाली उभी होती. एका डोळ्यात काजळ, दुसरा राहिलेला. ती काकांकडे बघत होती. दोन वर्षं तिने या मुलाबद्दल घरात बोलायची हिंमत गोळा केली होती. ते मला माहीत होतं, कारण ती दोघं बोलायची माझ्याच जिन्यात उभी राहून. आणि आता ते सगळं माझ्या तीन थरांखाली अडकलं होतं.

काकांनी फोन लावला. रिंग जायला लागली.

"काका, थांबा," मी म्हटलं. "ती करणी नाहीये."

"देवी ना?" हळदकुंकूवाली बाई म्हणाली.

"देवीपण नाही. क्लिअर आहे."

प्रणाली खाली वाकली, नाक कोंबडीजवळ नेलं, आणि माझ्याकडे वर बघितलं. "नेलपेंटचा वास येतोय."

"मी मारला," मी म्हटलं. "काल दुपारी. चित्र फार सुंदर होतं काकी. म्हणून टिकवलं."

फोनमधून आवाज आला, "हॅलो, हॅलो." काकांनी मला डोळ्यांनी जागेवर खिळवलं आणि फोनमध्ये गोड आवाजात म्हणाले, "काय नाय व्याही, इचारत होतो, नाश्त्याला गोड चालतंय ना?"

फोन ठेवला. मग जे बोलले ते इथे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आगरी भाषेत त्याला फार चांगले शब्द आहेत, आणि ते सगळे माझ्यासाठी होते. बायजाआक्कांना मात्र खरी निराशा झाली. "म्हंजे कोनी काय केलाच नाय?" असं म्हणत त्या घरी गेल्या. नारळ आला होता, तो प्रश्न न विचारता फोडून खाल्ला.

काकी उठली. माझ्याकडे बघितलंच नाही. एवढंच म्हणाली, "निगल का?"

थिनरने निघतं. मी बाइक काढली, वर्कशॉपमधून थिनर आणि खरवडायची पत्री आणली, आणि इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यांवर, स्वतःच जपलेलं चित्र खरवडायला बसलो. आधी पिल्लांची रांग गेली. मग कोंबडी. मान वळवलेल्या पिल्लाशी माझा हात थांबला. खोटं कशाला बोलू, एवढा तुकडा ठेवता येईल का, असा विचार तेव्हासुद्धा आला.

"तो पन," वरून काकी म्हणाली. ती मागे कधी येऊन उभी होती, कुणास ठाऊक.

मी तेपण खरवडलं.

आणि पाहुणे लवकर आले. अजून कोपऱ्यातला एक डाग राहिलेला, आणि समोर गाडीतून मुलाचे वडील उतरले. दारात एक घामेजलेला माणूस ओणवा, अंगाला थिनरचा वास.

"हा कोन?" त्यांनी विचारलं.

काका जरा अडखळले. "आमचा भारेकरू. चित्रकार हाय."

व्याह्यांनी मला नीट बघितलं. मग कडप्पा बघितला. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून, सहानुभूतीने म्हणाले, "असूं दे. हाताला काम तरी हाय."

काकीने त्यांना कोपऱ्यात खुर्च्यांवर बसवलं, कडप्पा पाण्याने धुतला, गेरू फिरवला आणि सगळ्यांदेखत खाली बसली. दोन मिनिटं लागली असतील. कोंबडी परत काढेल असं मला वाटलं होतं. तिने एक नाव काढली, शिडाची, आत दोन माणसं. कालचं काही नाही, पूर्ण नवं. तेव्हा मला जरा समजायला लागलं. मी जे टिकवत होतो ते तिचं काल झालेलं रडणं होतं. ती रोज सकाळी ते धुऊन टाकूनच तर पुढच्या दिवसात जात होती. आणि मी ते दाराला चिकटवून ठेवलं होतं.

साखरपुडा झाला. छान झाला. मी जिन्यात उभं राहून जेवलो, कारण पंगतीत माझ्या बाजूला कुणी बसेना, थिनरमुळे.

चार दिवसांनी संध्याकाळी काकी पहिल्यांदाच माझ्या खोलीत आली. हातात पेढे. मला वाटलं, खोली सोडायला सांगणार. तिने पेढे टेबलावर ठेवले आणि भिंतीकडे वळली. भिंतीवर माझी पानं लावलेली, चार वर्षांची, पहिल्यापासून आजपर्यंत. ती एकेक बघत चालली, अगदी सावकाश. मी तिच्या मागे मागे. अहो, आजवर माझं काम ज्यांनी बघितलं त्यात खरी चित्रकार ही एकच.

"यांना पन तो मारलास? पक्का कराचा?"

"हो काकी. सगळ्यांना."

"एक पन पुसला नायस?"

"नाही," मी जरा अभिमानानेच म्हटलं.

ती परत पहिल्या पानाशी गेली. मग शेवटच्या. मग मधल्या. "काय रं," म्हणाली, "तुज्या सगल्या मानसांचं हात खिशान का?"

मी बघितलं. हिरोचे हात खिशात. व्हिलनचे हात खिशात. पोलिसाचे पाठीमागे. म्हातारीचे पदराखाली. एक डॉक्टर होता, त्याने ऑपरेशन थिएटरमध्ये हाताची घडी घातली होती.

"हात काढायला अवघड असतात काकी," मी म्हटलं. "मला जमत नाहीत."

काकीने पुन्हा भिंतीकडे बघितलं. रागाने नाही, काळजीने.

"म्हंजे चार वरसं," ती म्हणाली, "जो जमत नाय, तोच तू पक्का करत बसलास."

काहीतरी बोलायला म्हणून मी दोन्ही हात वर केले. मग त्यांचं काय करायचं ते कळेना. म्हणून खिशात घातले.