चूळ भरलीस का?

भादवा लागला की तलवाड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गाजर गवत पांढरं फुलतं, बाजरी फुलोऱ्यात येते आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या शिंका सुरू होतात. आधी शिंका, मग लाल डोळे, मग छातीत शिट्टी. परागकणांची ॲलर्जी, बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी खिडक्या लावा, बाहेरून आली की तोंड धुवून कपडे बदला, हंगाम संपेपर्यंत दोन्ही वेळा श्वासाच्या औषधाचा पंप ओढायला द्या आणि त्यावर चूळ भरायला लावा. नवरा शेजारी बसून मान डोलवत होता. त्या मानेवर मी विसंबले.

मी शिक्षिका, शाळा दूरच्या गावात. सकाळी सातलाच जीप गाठावी लागते. म्हणून संध्याकाळचा पंप माझ्याकडे आणि सकाळचा त्याच्याकडे, असं ठरलं. जीपमधून मी रोज फोन करायचे.

"चूळ भरलीस का गं?"

"भरली, मम्मी."

की मी निर्धास्त, दुसऱ्यांच्या लेकरांना पाढे शिकवायला मोकळी.

दसऱ्याच्या तोंडावर एका दुपारी तिच्या बाईंचा फोन आला, पोरीला धाप लागलीय. मी धावत आले. दवाखान्यात वाफ दिल्यावर तिचा श्वास खाली बसला. घरी येऊन मी पंप हातात घेतला. उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा त्याच्या पाठीवर दिसतो. महिनाभराचा पंप, महिना उलटलेला, आणि आकडा जेमतेम निम्म्यावर.

"सकाळचा देतच नव्हतात तुमी?"

"लई सवय लागती म्हणं त्याची. अन् संध्याकाळचा चालूच हाय की. उद्या पोरीला बघायला आले तर काय सांगायचं, दम्याची हाय म्हणून?"

पोर चौथीत, आणि या माणसाच्या डोळ्यांपुढे पाहुणे पोहे खात बसलेले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून वाईट पुढे कळलं. रोज सकाळी तो तिला नुसत्या पाण्याची चूळ भरायला लावत होता. माझा फोन आला की लेकरावर खोटं बोलायची वेळ येऊ नये, म्हणून. इतकी काळजी घेऊन मला आजवर कुणी फसवलं नव्हतं.

मी मुलीकडे वळले. "तू तरी सांगायचं ना मला!"

ती रडवेली झाली. "तू पंपाचं कदी विचारलंच न्हाई, मम्मी. नुसतं चूळ भरली का म्हणायचीस."

जीपमध्ये रोज माझ्या शेजारी माझी चुलत जाऊ बसायची. तिच्यासमोर पंप हा शब्द मलाही तोंडातून काढायचा नव्हता.