मोठ्या जोडीचा हट्ट

भिंगारमधल्या माझ्या दहा बाय दहाच्या खोलीसाठी स्पीकर घेताना म्हातारा दुकानदार म्हणाला, "शेठ, लहान जोडी न्या. मोठी त्या खोलीत नुसती घुमेल."

दुकानदार पुढे करतो ते घ्यायचं नाही, या नियमावर मी वर आलो होतो. "माझी ऐपत काढता व्हय?" मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो आणि घासाघीस करून मोठीच जोडी आणली.

घरी कॅसेट लावली तर गायिकेचा आवाज घुमण्यात बुडाला. बायको म्हणाली, "ऐकायचं होतं त्या दुकानदाराचं." मी मात्र त्याने खराब माल गळ्यात मारला, असं बाजारभर सांगत राहिलो.

पुढे नव्या घराच्या मोठ्या हॉलमध्ये त्याच जोडीवर गायिकेचा श्वासही ऐकू आला. माफी मागायला गेलो, तर त्या जागी चपलांचं दुकान होतं. त्याची किती गिऱ्हाइकं मी तोडली असतील?