उलटी ओढलेली केबल

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं, तेव्हा बाहेर मांडवात भन्तेजींनी त्रिशरण सुरू केलं होतं.

अड्याळच्या मेश्राम गुरुजींच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न. नवरीची आई, शीलाताई, कमरेचं हाड मोडून मागच्या खोलीत पलंगावर. मांडवात फोटोग्राफरचा कॅमेरा, पलंगासमोर घरचा टीव्ही, मधे तीस मीटर केबल. आईला लेकीचं लग्न दिसावं, एवढंच माझं काम. भंडाऱ्यात माझं टीव्ही-सीसीटीव्ही फिटिंगचं दुकान आहे.

गुरुजी आधीच म्हणाले होते, “बजेटमधी बसव गा. मांडवानंच कंबर मोडली माही.”

आतून शीलाताई ओरडल्या, “कंबर माही मोडली, तुमची काहून दुखते?”

साधी तांब्याची एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपर्यंत नीट चित्र नेते. पुढे सिग्नल दमतो. लांब अंतराला ऑप्टिकल लागते. तिच्यात केसाएवढे काचेचे धागे असतात, त्यातून प्रकाश जातो. पण एकाच दिशेनं. ज्या टोकावर ‘सोर्स’ लिहिलंय ते कॅमेऱ्याला, दुसरं टीव्हीला. नागपूरहून त्यातली सगळ्यात स्वस्त आणली. केबल चांगली होती. दोष तिचा नव्हता.

केबल आधी जमिनीवर जोडून चित्र पाहायचं, मगच बांधायची, हा आमच्या धंद्याचा नियम. केबल ओढली त्या दिवशी पवनीला दुसरं काम होतं. घाईत न तपासताच बांबूंना बांधत नेली, झरोक्यातून आत ओढली.

आता टीव्हीला लावलेलं टोक काढून पाहिलं. ‘सोर्स’. सोडवून फिरवायला अर्धा तास गेला असता. कोणी व्हिडिओ कॉल लावला, तोही नुसता गोल फिरत राहिला.

गुरुजी धावत आले. “काय झालं गा?”

मी खिशातली काळी टेप काढून त्या अक्षरांवर गुंडाळली. म्हणालो, “टीव्ही जुना झाला जी तुमचा. घेत नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. “माहीच चूक. पोरगी म्हणे नवा घ्या. मीच काटकसर केली.”

“जाऊ द्या,” शीलाताई म्हणाल्या. “मांडवातला आवाज येऊन राहिला ना.” आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

लग्न लागलं. आईला काही दिसलं नाही, हे प्रज्ञाला कोणीतरी सांगितलं असावं. ती नवऱ्याला घेऊन तडक आत आली. पलंगाशी उभं राहून दोघांनी सगळ्या प्रतिज्ञा पुन्हा म्हटल्या, एकट्या आईसाठी. मी कोपऱ्यात मान खाली घालून पिशवी आवरत होतो.

आठ महिने मी हे बायकोलाही सांगितलं नाही. मग गुरुजींनी नवा टीव्ही भिंतीवर लावायला बोलावलं. जुना पोत्याखाली पडलेला. मला ड्रिल धरवेना. गुरुजी चहाचं पाहायला आत गेले, तसा बोललो.

“ताई, टीव्ही चांगला होता. केबल मीच उलटी ओढली. खोटं बोललो.”

“मले मालूम आहे. पडल्या पडल्या तुह्याचकडं पाहून राहिली होती मी. म्हटलं, हा टेप कायले गुंडाळते?”

“मग बोलल्या काहून नाही?”

“हे भर मांडवात तुले बोलले असते. अन् टीव्ही चालला असता तर पोरगी आत कायले आली असती?” मग आवाज खाली आला. “पण आता ह्यायले सांग, भाऊ. तवापासून स्वतःलेच कोसून राहिले. तूच सांगशील म्हणून थांबली मी.”

गुरुजी चहा घेऊन आले. सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवले. मग स्वतःच पोतं बाजूला सारून म्हणाले, “लाव बरं हा.”

लावला. लख्ख चित्र आलं.

“नवा परत घेईल का गा दुकानवाला?”

केबल आधी जमिनीवर तपासावी. ती केबल अजून माझ्याकडे आहे, टेपही काढलेली नाही. टेपचं टोक दिसलं की कळतं, हे कॅमेऱ्याकडचं.