सावरीची उशी
काल आमच्या पोलादपूरजवळच्या डोंगरातल्या वाडीत आईने सावरीच्या कापसाची उशी उन्हात टाकली आणि मला बाबांचा तो खोकला आठवला. मुंबईत बायपास होऊन ते घरी आले आणि थोड्याच दिवसांत त्यांना कोरोना झाला. छातीचं हाड तारांनी शिवलेलं, अजून पुरतं जुळायचं होतं. महाडच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, की खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळायची, नाहीतर हाड उसवेल. बाबांची खाट अंगणापलीकडच्या खोपीत टाकली होती. आम्ही ताट दारात ठेवून मागे व्हायचो. एका सकाळी समोरच्या उतारावर आमची म्हैस भावकीच्या भातात शिरताना त्यांना दिसली आणि सवयीने त्यांनी दरीपलीकडे पोचेल असा लांब कुकारा घातला. तो अर्ध्यातच तुटला, खोकल्याची उबळ लागली आणि उशी हातातून पडली. मी मास्क लावेपर्यंत आई तशीच आत धावली. उशी उचलून तिने दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर दाबून धरली. "लांब हो गो, तुला लागंल," बाबा कसेबसे म्हणाले. "लागू दे. तुम्ही आधी खोका नीट," आई म्हणाली. हाड टिकलं. आईला पुढे ताप आला, तोही उतरला. आता बाबा रोज संध्याकाळी गुरांना कुकारा घालतात, तेव्हा चुलीपुढे आईचा हात तव्याजवळ थांबतो. कुकाऱ्यामागून खोकला येत नाही अशी खात्री झाली, की मगच ती भाकरी उलटते.